नागासाकीत आधी वर, मग खाली

एकट्याने प्रवास करण्याचा मोठा तोटा म्हणजे रस्ता चुकला की ज्याच्या नावाने बिल फाडावं असं सोबत कोणी नसतं. नागासाकीत तर चुकीची शिक्षा रोख मिळते: चढ. बंदराला डोंगरांनी वेढलंय आणि घरं उतारावर अशी रचलीत की कित्येक ठिकाणी रस्ता मध्येच हात टेकतो आणि पायऱ्या सुरू होतात. नकाशात बोटभर दिसणारं अंतर पायाखाली आलं की उभं राहतं. म्हणून या शहरापुरता माझा सिद्धान्त एकच: चढायचं काम यंत्राने करावं, उतरायचं आपण.

पहिलं यंत्र ट्राम. मागून चढायचं, पुढून उतरायचं. जुन्या बेस्टवाल्यांना हे शिकवायला नको. घोळ होतो तो पैशांचा. भाडं उतरताना द्यायचं, तेही नेमकं, कारण चालकाजवळची भाड्याची पेटी घेतलेलं परत करत नाही. शेजारच्या यंत्रात आधी सुट्टे करायचे, मग त्यातले मोजून पेटीत टाकायचे. सुट्ट्यांची ओंजळ हातात आली की ती जशीच्या तशी पेटीत ओतण्याचा मोह होतो, तो आवरावा. दहा हजार येनची नोट घेऊन चढू नये. चालक नम्रपणे मान लववतो, पण मोड मिळत नाही आणि मागे रांग वाढते. गाडी थांब्यावर उभी असतानाच पुढे जाऊन सुट्टे करून ठेवावेत. दिवसभराचा पास घ्यायचा तर स्टेशनातल्या पर्यटन केंद्रातून. कागदी पास ट्राममध्ये विकत नाहीत. गाड्या 1, 3, 4 आणि 5 नंबरच्या. दोन नंबरची वाट बघत दिवसा ताटकळू नये.

स्टेशनाजवळच निशिझाकाची टेकडी आहे. ही एवढी मात्र पायीच चढावी, कारण वर आपल्या वसईचा माणूस आहे. 5 फेब्रुवारी 1597 रोजी इथे 26 ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवलं, त्यांत वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते. 1862 मध्ये ते संत झाले. स्मारकावर सव्वीसही जण ओळीने ब्राँझमध्ये उभे आहेत. म्हणजे उभे वाटतात. पावलं नीट पाहिली तर बोटं खाली लोंबलेली दिसतात, जमिनीला टेकलेली नाहीत. इथे माझी थट्टा आपोआप बंद पडते.

मग 1 नंबरने देजिमा. 1636 मध्ये पोर्तुगीजांसाठी बांधून झालेलं हे पंख्याच्या आकाराचं कृत्रिम बेट. त्यांना हाकलल्यावर 1641 मध्ये डचांना इथे आणून ठेवलं. बेट बांधायला पैसे घातले गावातल्या व्यापाऱ्यांनी, त्यामुळे डच त्यांचे भाडेकरू. आणि परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. मुंबईच्या घरमालकांनीही इतकी मजल मारलेली नाही. आता गंमत अशी की भोवती भराव पडून बेट शहरात बुडालंय. ‘बेट’ शोधत समुद्राकडे चालत गेलात, तर ते मागे राहतं.

पुढचा थांबा शिंची चायनाटाउन. इथे 1 नंबर सोडून 5 नंबरची गाडी पकडायची. रोख भाडं दिलं असेल तर उतरताना चालकाकडून ‘नोरित्सुगी-केन’ ही चिठ्ठी मागून घ्यावी, नाहीतर भाडं दुसऱ्यांदा भरावं लागतं. पोटपूजाही इथेच: चॅम्पॉन. नूडल्स, कोबी, कोळंबी, माकूळ, डुकराचं मांस, सगळं एकाच रश्शात शिजलेलं. वरचा कोबीचा ढीग बघून शाकाहारी समजू नये; रस्सा डुकराच्या नि कोंबडीच्या हाडांचा असतो.

आता मुख्य युक्ती. ग्लोव्हर गार्डन म्हणजे ग्लोव्हर या स्कॉटिश व्यापाऱ्याच्या नावाची उतारावरची बाग. तिथे जाणारे बहुतेक लोक ओउरा चर्चच्या थांब्यावर उतरतात आणि धापा टाकत चढतात. आपण एक थांबा पुढे, इशिबाशीला उतरावं. तिथून चार पावलांवर ‘ग्लोव्हर स्काय रोड’ नावाची तिरकी लिफ्ट आहे, फुकट. वरच्या वस्तीतल्या आजी भाजीच्या पिशव्या घेऊन तिनेच घरी जातात. शेवटच्या मजल्यावर उतरून थोडं चाललं की दुसरी, उभी लिफ्ट. ती बागेच्या वरच्या दाराशी सोडते. मग 1863 मधलं ग्लोव्हरचं लाकडी घर बघत, बंदर समोर ठेवून उतरत यायचं. खालून चढणाऱ्यांकडे सहानुभूतीने बघावं, हसू नये. खाली ओउरा चर्च लागतंच.

चष्म्यासारखा दिसणारा 1634 चा मेगाने पूल 5 नंबरच्याच वाटेवर आहे. पाण्यात प्रतिबिंब पडलं तरच चष्मा पुरा होतो. वारा असेल तर नुसत्या दोन कमानी. वाऱ्यावरून आठवलं: 333 मीटर उंचीच्या इनासायामाचा रोपवे जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात. रात्रीचे दिवे बघायचे तर निघण्याआधी चालू आहे का ते विचारावं.

दिवसाअखेर कास्टेला. पोर्तुगीजांकडून आलेला हा केक विटेसारखा लांबट मिळतो, एकट्याला जास्तच होतो. तळाचा कागद एका कडेपासून सावकाश सोलावा. घाई केली तर जाडी साखर वडीला न राहता कागदाला चिकटून येते. आली तर कागद खरवडून खावा. बघायला ओळखीचं कोणी नसतं.