‘बेताल’ या आक्षेपाविषयी

नमस्कार. टेम्पो, म्हणजे लयीचा ठरावीक वेग, न बांधता लूप (पुन्हा पुन्हा फिरणारे ध्वनीचे तुकडे) रचण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) आणि ग्रिड (सॉफ्टवेअरमधली समान ठोक्यांची चौकट) बंद करून सॅम्पल, म्हणजे ध्वनिमुद्रित तुकडे, एकमेकांवर रचणे म्हणजे बेताल वाजवणे होय, आणि लयीला प्राण मानणाऱ्या संगीतात वाढलेल्या माणसाने त्याची भलामण करावी हे खटकते. यातला पहिला भाग मला मान्य नाही. दुसऱ्या भागाने मात्र विचारात पाडले, म्हणून उदाहरण आपल्याच बैठकीतले घेतो.

एकल तबलावादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर धरलेला लेहरा हा अक्षरशः लूपच असतो. त्रितालाच्या १६ मात्रांची एकच धून सबंध वादनभर फिरत राहते. संथ पेशकारापासून जलद रेल्यापर्यंत तबलजी लय वाढवत नेतो आणि लेहरा धरणारा त्याच्याबरोबर सरकत जातो. पहिल्या आवर्तनाला लागलेला वेळ आणि शेवटच्या आवर्तनाला लागलेला वेळ यांत मोठे अंतर पडते, तरी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, दोघे एकत्रच येतात. लूपला आवर्तन हवे, सम हवी. मिनिटाला ठरावीक ठोके हवेतच असे नाही. (लेहऱ्याचे यंत्र लावून रियाज करणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही: तिथे यंत्र तबलजीचे ऐकत नाही, तबलजीलाच यंत्राचे ऐकावे लागते.)

गायकामागचे दोन तानपुरे तर याही पुढचे आहेत. प्रत्येकाच्या चार तारांचे चक्र आपापल्या गतीने फिरते, तबल्याच्या लयीशी त्याचा संबंध नसतो, आणि त्यांना बेताल कोणी म्हणत नाही. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइख यांनी १९६५ मध्ये एकच ध्वनिमुद्रित तुकडा दोन टेपरेकॉर्डरांवर फिरवला. दोन्ही यंत्रांच्या गतीत किंचित फरक असल्याने ते तुकडे हळूहळू एकमेकांपासून सरकत गेले आणि त्या सरकण्यातूनच रचना उभी राहिली. आज ७.३ आणि ११.१ सेकंदांचे दोन लूप एकदम सुरू केले, तर ते पुन्हा एकत्र सुरू व्हायला ८१०.३ सेकंद, म्हणजे साडेतेरा मिनिटे लागतात. तोवर प्रत्येक फेरीत त्यांची गाठ नव्या जागी पडते.

ग्रिड सोडण्यामागे माझे एक रोखठोक कारणही आहे. मोकळ्या लयीत मुद्रित केलेला तबला सॉफ्टवेअरने ताणून ग्रिडवर बसवला, की ‘धा’चा आघात पुसट होतो, कारण तो काही मिलिसेकंदांतच होऊन जाणारा असतो. टेपसारखा नुसता वेग वाढवावा, तर सहा टक्क्यांच्या आसपासच काळी एकची धून पांढरी दोनमध्ये, म्हणजे लगतच्या वरच्या पट्टीत, जाते. म्हणून मी तुकडा आघातांवर कापतो आणि प्रत्येक बोल स्वतंत्रपणे हाताने वाजवतो. लय बदलली तरी नाद तोच राहतो. आघातांवर कापण्याची ही युक्ती नवी नाही, १९९४ च्या ‘रीसायकल’ या सॉफ्टवेअरचा तोच पाया होता.

आता आपले जे बरोबर आहे ते. “टेम्पो हे बंधनच आहे,” हे माझे वाक्य सैल होते. नाचासाठीचे संगीत, डीजेला पुढच्या गाण्याशी जोडायचा ट्रॅक, दृश्याच्या कटवर बसवायचे पार्श्वसंगीत, या ठिकाणी पक्का टेम्पो ही सोय आहे आणि मीही तो वापरतो. लूपच्या सांध्यावर येणारी टकटक आपण पकडलीत, तीही खरी आहे: शेवट आणि सुरुवात यांत काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज मावळताना दुसरा चढवणे) द्यायला मी विसरलो होतो.

राहिला आपला शेवटचा प्रश्न, की क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) नसताना दुसऱ्या वादकाने साथ करायची कशी. मी पहिला थर ऐकत स्वतः हाताने टाळी-खाली देतो आणि तिचा वेगळा ट्रॅक मुद्रित करून वादकाच्या हेडफोनमध्ये सोडतो. टाळी लूपबरोबरच मागेपुढे होते, त्यामुळे त्याला सम दिसते. अंतिम मिश्रणात तो ट्रॅक बंद करतो.