यूकेला जाताय ना, मग संध्याकाळी हॉटेलवर बसू नका

सध्या ओळखीतल्या निम्म्या लोकांची यूके ट्रिप ठरतेय आणि जो तो आयटनरी पाठवून विचारतोय, "बघ गं जरा, काही राहिलंय का?" बघते मी. लंडन आय, टॉवर ब्रिज, स्टोनहेंज, बाथ, लेक डिस्ट्रिक्ट, एडिंबराचा किल्ला, सगळं असतं, सकाळी आठपासून पळापळ, आणि संध्याकाळी सहानंतर लिहिलेलं असतं 'हॉटेलवर परत, इंडियन डिनर'. फार तर वेस्ट एंडचा एखादा म्युझिकल शो. अहो, पण तिथली खरी मजा सहानंतरच सुरू होते!

माझं स्पष्ट मत सांगते. ब्रिटनमधलं सगळ्यात भारी लाइव्ह म्युझिक पबमध्ये आणि चर्चमध्ये ऐकायला मिळतं, आणि नेमकं ह्याच दोन ठिकाणी आत पाऊल टाकायला आपली माणसं कचरतात. पब म्हणजे दारूचा अड्डा, आणि चर्चमध्ये आपलं काय काम, असं धरूनच चालतात सगळे. दोन्ही डोक्यातून काढून टाका.

आधी पबचं. एडिंबरात फॉरेस्ट रोडवर सँडी बेल्स म्हणून पब आहे, स्कॉटिश लोकसंगीतासाठी प्रसिद्ध. आईला घेऊन गेले होते तर दारातच थबकली, म्हणाली "अगं, आपल्याला बसू देतील का इथे?" आत टेबलाभोवती पाच-सहा जण बसलेले, दोन फिडल म्हणजे व्हायोलिन, एक टिन व्हिसल म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, एक बोरान म्हणजे हातात धरून छोट्या दांडीने वाजवतात तो डफासारखा प्रकार. माईक नाही, स्टेज नाही, तिकीट नाही. एकाने धून सुरू केली, बाकीचे जरा वेळ नुसते ऐकत होते, मग ओळख पटेल तसा एकेक जण वाद्य उचलून आत शिरला, आणि ती धून संपतेय न संपतेय तोच कोणीतरी नुसती भुवई उडवली आणि सगळे एकदम पुढच्या धुनेवर. आपल्याकडे देवळात भजनाला कोणीही येऊन टाळ घेऊन बसतं ना, अगदी तसं. आईने ऑरेंज ज्यूस घेतला आणि जी मांड ठोकून बसली ती उठायलाच तयार नाही, पाय ताल धरून हलतायत, आणि शेजारच्या बाई तिला कुठली जिग आणि कुठली रील, म्हणजे नाचाच्या धुनांचे हे दोन प्रकार, ते समजावून सांगतायत.

ह्याला सेशन म्हणतात. फुकट असतं म्हणून नुसतंच बसू नका, बारवर जाऊन काहीतरी घ्या, लेमनेड घेतलंत तरी कोणी काही म्हणत नाही. वादकांच्या टेबलालगतच्या खुर्च्या वादकांच्या, तिथे बसायचं नाही. व्हिडिओ काढायचा तर आधी विचारायचं. लहान मुलं बरोबर असतील तर किती वाजेपर्यंत चालतात ते विचारून घ्या, प्रत्येक पबचा नियम वेगळा.

आणि नोव्हेंबर-डिसेंबरात जाणार असाल तर शेफिल्ड सोडू नका. शहराच्या वायव्येकडच्या गावांतल्या पबमध्ये ख्रिसमसपर्यंत दर वीकेंडला गावकरी मिळून कॅरोल्स म्हणजे ख्रिसमसची गाणी गातात, दुसरीकडे फारशी ऐकू न येणारी, त्यांची त्यांची जुनी. एकोणिसाव्या शतकात चर्चने बाजूला सारलेली ही गाणी लोकांनी पबमध्ये जपली. खच्चून भरलेल्या खोलीत सगळेच गातात, ऐकणारा असा वेगळा कोणी नसतोच.

आता चर्च. केंब्रिजला गेलात की किंग्ज कॉलेजचं चॅपल बघायला दिवसा तिकीट काढावं लागतं. तेच युनिव्हर्सिटीची टर्म चालू असताना इव्हनसाँगला, म्हणजे संध्याकाळच्या गायलेल्या प्रार्थनेला गेलात तर एक पैसा लागत नाही, आणि वर जगातल्या नावाजलेल्या कॉयरपैकी म्हणजे गायकवृंदांपैकी एक समोर गाते! मुलांचे ते उंच, स्वच्छ स्वर त्या दगडी छताला लागून खाली येतात तेव्हा काय होतं ते लिहून कळणार नाही. पाऊण-एक तासाचा कार्यक्रम. ही प्रार्थना असते, त्यामुळे टाळ्या नाहीत, फोटो नाहीत, बाकीचे उभे राहिले की आपणही उभं राहायचं, बस. धर्म कोणी विचारत नाही. यॉर्क, डरॅम, सॉल्झबरी, लंडनचं सेंट पॉल्स, सगळ्या मोठ्या कॅथीड्रल्समध्ये इव्हनसाँग होतं, वेळा तेवढ्या वेबसाइटवर बघून जा.

मोठे हॉल वाईट असं नाही म्हणत मी. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 1974 मध्ये लतादीदी गायल्या होत्या, आपल्यासाठी तेवढं एक कारणही पुरेसं आहे तिथे जायला. पण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथे प्रॉम्स हा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा महोत्सव असतो, महोत्सव 1895 पासून चालत आलेला, आणि सामान्य माणसाला स्वस्तात शास्त्रीय संगीत ऐकता यावं हाच सुरुवातीपासूनचा हेतू. कार्यक्रमाच्या दिवशीच सकाळी ऑनलाइन उभ्याचं तिकीट मिळतं, आठ पौंडांच्या आसपास, आणि उभं कुठे राहायचं तर थेट ऑर्केस्ट्राच्या समोर! मागे खुर्चीत बसणारे कितीतरी जास्त पैसे मोजून लांबून बघतात. गुडघे ठीक असतील तर दुसरा विचारच करू नका.

लिव्हरपूलचं कॅव्हर्न, बीटल्स जिथे वाजवायचे तो क्लब, सगळे करतातच, करा, पण मूळ क्लब 1973 ला बंद झाला आणि आत्ताचा 1984 मध्ये पुन्हा बांधलेला आहे हे माहीत असू द्या. तिथे दुपारीही गाणी चालू असतात, तेव्हा उरकून घ्या आणि संध्याकाळ एखाद्या छोट्या व्हेन्यूला द्या. ग्लासगोत किंग टट्स आहे, जेमतेम तीनशे माणसं मावतील एवढी जागा, ओएसिस ह्या रॉक बँडला 1993 मध्ये तिथेच रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने हेरलं. अशा जागी नाव न ऐकलेल्या बँडचं तिकीट काढायला मला मनापासून आवडतं. 2023 ह्या एका वर्षात ब्रिटनमधली अशी शंभरावर छोटी ठिकाणं बंद पडली, भाडं आणि विजेची बिलं परवडेनात म्हणून. आपण शॉपिंगला शेकडो पौंड घालवतोच, त्यातले पंधरा-वीस इथे गेले तर काय बिघडलं?

हॉटेल मात्र गाणं ऐकणार तिथून चालत जाता येईल असं घ्या. लंडनबाहेर बऱ्याच मार्गांवर शेवटची गाडी अकराच्या सुमारास निघून जाते, आणि बँड एन्कोरला, म्हणजे लोकांच्या आग्रहाखातर शेवटचं गाणं वाजवायला, परत येत असताना स्टेशनकडे पळत सुटायचं, हे फार जिवावर येतं हो.