गामाची न लिहिलेली रोजनिशी आणि व्यापाऱ्यांची ‘फितुरी’

समाजमाध्यमांवर फिरणारा एक मजकूर आता माझ्या भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जाऊन बसला आहे, म्हणून हा खटाटोप. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: वास्को द गामा झांझिबारहून एका गुजराती व्यापाऱ्याच्या तिप्पट मोठ्या जहाजामागून भारतात आला आणि हे त्याने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे, तोवर हिंदी महासागराचा सारा व्यापार एकदिलाने वागणाऱ्या भारतीय व्यापाऱ्यांच्या हाती होता, इंग्रजांनी १६०८ साली सुरतेत पाऊल ठेवले त्याच दिवशी गुलामी सुरू झाली, आणि हे सगळे घडले, कारण व्यापारी जातींनी चार पैशांसाठी देश विकला.

पहिली गोष्ट म्हणजे गामाच्या हातची रोजनिशी उपलब्धच नाही. आपल्यापर्यंत आले आहे ते त्याच्या ताफ्यातल्या कोणा एकाने लिहिलेले टिपण, ज्यावर लिहिणाऱ्याचे नावही नाही. त्यानुसार येताना हा ताफा झांझिबारला थांबलाच नाही. मोझांबिक आणि मोंबासा करून तो एप्रिल १४९८ मध्ये मालिंदीला पोहोचला. तिथे भारतीयांची चार जहाजे उभी होती, आणि त्यांवरच्या लोकांना पोर्तुगीजांनी चक्क ख्रिस्ती समजले. वाटाड्या मिळण्यास उशीर होत आहे असे दिसताच गामाने तिथल्या राजाचा विश्वासू माणूस आपल्या जहाजावर अडकवून ठेवला, तेव्हा कुठे वाटाड्या आला. २४ एप्रिलला मालिंदी सोडलेल्या ताफ्याने २० मे रोजी कालिकतजवळ नांगर टाकला. तिप्पट मोठे जहाज आणि त्याचा उदार मालक यांचा या प्रवासात कुठेही पत्ता नाही. एवढे मात्र मान्य करावे लागते की जुआंव द बारोस या पोर्तुगीज इतिहासकाराने पुढे अर्ध्या शतकाने लिहिताना तो वाटाड्या गुजराती मुसलमान होता असे म्हटले आहे, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मलबारपर्यंतचा मार्ग इथल्या दर्यावर्दींना पिढ्यान्‌पिढ्या पाठ होता यातही शंका नाही. पण राजाकडून ओलीस धरून मिळवलेल्या वाटाड्याचा धनाढ्य व्यापारी करून टाकायचा आणि वर साक्षीला न लिहिलेली रोजनिशी काढायची, याला इतिहास म्हणत नाहीत.

‘एकदिलाने’ हा शब्द ज्याने लिहिला त्याने मलय किनाऱ्यावरच्या मलाक्का बंदराचे नाव ऐकलेले नसावे. सोळाव्या शतकाच्या आरंभी तिथे राहिलेल्या तोमे पिरेस या पोर्तुगीजाने लिहून ठेवले आहे की खंबायतचा एक हात एडनपर्यंत आणि दुसरा मलाक्कापर्यंत पोहोचतो, आणि खंबायत व मलाक्का यांचे एकमेकांवाचून चालत नाही. मलाक्कात चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, होते आणि त्यांतला एक केवळ गुजराती व्यापाऱ्यांसाठी होता. चोलमंडल किनाऱ्यावरून आलेले तमिळ व्यापारी दुसऱ्याच्या अखत्यारीत येत. पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने १५११ साली मलाक्का घेतले तेव्हा गुजराती व्यापारी सुलतानाच्या बाजूने होते, तर नैना चेट्टू हा बडा तमिळ व्यापारी पोर्तुगीजांच्या बाजूने. त्यांच्या कैद झालेल्या माणसांना त्याने आधीपासून मदत केली होती. विजयानंतर त्याला बेंदाहारा, म्हणजे तिथल्या बिगरमुसलमान रयतेचा प्रमुख, नेमण्यात आले. गुजरात्यांनी आपला बराचसा व्यापार सुमात्रातल्या आचेहकडे वळवला. पुढे पोर्तुगीजांनी तेच पद काढून घेतले, तेव्हा नैना चेट्टूने अपमान सहन न होऊन स्वतःला जाळून घेतले. यातला फितूर कोण आणि देशभक्त कोण, हे मजकूरकर्त्याने सांगावे. मलाक्काचा सुलतान काही तमिळांचा राजा नव्हता आणि गुजरात्यांचाही नव्हता. मलबारात याहून वेगळे नव्हते: कालिकतचा राजा सामुद्री (झामोरिन) याच्याशी वैर म्हणून कोचीच्या राजाने पोर्तुगीजांना थारा दिला, आणि शतक संपता संपता खुद्द सामुद्रीनेच पोर्तुगीजांशी हातमिळवणी करून आपल्या आरमाराचा प्रमुख, चौथा कुंजाली मरक्कार, याला पाडले. १६०० साली गोव्यात त्याचा शिरच्छेद झाला.

१६०८ चा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६८६ च्या सुमारास मोगलांशी लढाई उकरून काढली, मोगलांच्या बाजूने सिद्दी याकूतने मुंबईत शिरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडले, आणि १६९० साली औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरल्यावरच त्यांची सुटका झाली. ८२ वर्षे राज्य करणारे असा दंड भरत नसतात.

खरा विखार शेवटच्या मुद्द्यात आहे, कारण तो आजच्या माणसांच्या आडनावांना जाऊन चिकटतो. सुरतेचे व्यापारी टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, कर्ज देत, माल पुरवत, त्यांची दलाली करत, हे खरे आहे. वीरजी व्होरा इंग्रजांना व्याजाने पैसे देई, आणि तोच काळी मिरी आधीच उचलून ठेवून त्यांना चढ्या भावाने घ्यायला लावी. इंग्रजांची पत्रे त्याच्याविषयीच्या तक्रारींनी भरलेली आहेत. १६६९ साली काझीच्या जाचाला कंटाळून सुरतेचे आठ हजार वाणी शहर सोडून भडोचला गेले आणि बाजारपेठ ठप्प झाली. त्याआधी त्यांनी मुंबईत आसरा मिळेल का, अशी विचारणा केली होती, पण मोगलांची नाराजी नको म्हणून कंपनीचा मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरने त्यांना अहमदाबादेकडे जाण्याचा सल्ला दिला. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ आणि त्याआधी अब्दुल गफूर या बोहरी व्यापाऱ्याचे ‘फतेह मुहम्मदी’ ही जहाजे लुटली, तेव्हा सुरतेत इतका क्षोभ उसळला की सुभेदाराने वखारीतल्या इंग्रजांना बेड्या ठोकल्या. भरपाईसाठी टोपीकरांच्या मागे हात धुऊन लागला तो हाच अब्दुल गफूर.

मग हे व्यापारी हरले कसे? याचे उत्तर मराठीतच तीनशे वर्षांपूर्वी लिहिलेले आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून ओळखले जाणारे, १७१५ च्या आसपासचे आज्ञापत्र साहुकारांना राज्याची शोभा मानते आणि परमुलखातले साहुकार आणून बंदरांत वसवावेत असे सांगते. तेच आज्ञापत्र टोपीकरांविषयी बजावते की हेही सावकारी करतात, पण ते इतर सावकारांसारखे नाहीत, कारण त्यांच्यामागे प्रत्यक्ष राज्ये उभी आहेत. म्हणून त्यांना समुद्रकाठी वखारीस जागा देऊ नये आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. गफूरच्या जहाजांच्या मागे असे काय होते? मोगल बादशहा जहांगीरला स्वतःच्या आईचे ‘रहीमी’ जहाजसुद्धा वाचवता आले नाही. पोर्तुगीजांचा परवाना जवळ असूनही ते १६१३ साली त्यांनीच पकडले. आज्ञापत्र लिहिणाऱ्याला दोष राजनीतीत दिसला, साहुकारांच्या जातीत नव्हे, आणि त्याच्या डोळ्यांसमोर तर वखारी उभ्या होत्या.

राहता राहिला बंगालचा सावकार जगत्‌शेठ, ज्याचे नाव हा मजकूर तीनदा घेतो. १७५७ च्या प्लासीच्या कटात महताबराय जगत्‌शेठ सामील होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र कटाचा नायक नवाबाचा सेनापती मीर जाफर होता, आणि त्याच्यावरून कोणी सेनापतींच्या जातीला फितूर ठरवत नाही. शिवाय ही पेढी दर्यावर्दी व्यापाऱ्यांची नव्हती; तिचा डोलारा मुर्शिदाबादच्या टांकसाळीवर आणि सरकारी भरण्यावर उभा होता. १७६३ साली नवाब मीर कासिमने महताबराय आणि त्याचा चुलतभाऊ स्वरूपचंद या दोघांना ठार मारले, दोन वर्षांनी बंगालची दिवाणी कंपनीकडे गेली, आणि १७७२ साली कंपनीने खजिना मुर्शिदाबादेहून कलकत्त्याला नेला, तेव्हा पेढीच्या हाती सरकारी भरणाही उरला नाही.