घन पदार्थ सूत्रातून वगळतात म्हणजे नक्की काय?

रासायनिक समतोलावरचा (पुढची आणि उलट अभिक्रिया सारख्याच वेगाने चालते ती अवस्था) लेख छान आहे पण 'शुद्ध घन आणि द्रव समतोलाच्या सूत्रात घेत नाहीत' एवढं एका ओळीत उरकलंय, आणि पोरं नेमकी तिथंच अडकतात. मीपण कित्येक वर्षं नुसतं पाठ केलं होतं. चुनखडी बंद भांड्यात तापवली की चुना आणि कार्बन डायऑक्साइड, बरोबर? आता चुनखडीची 'तीव्रता' काढा, एका लिटरमध्ये साधारण 27 मोल बसतात, मग खडा मुगाएवढा असो नाहीतर विटेएवढा, आकडा तोच, कारण वस्तुमान वाढलं की आकारमानही तेवढंच वाढतं. जो आकडा हलतच नाही तो समतोल स्थिरांकात (सूत्रातून येणाऱ्या ठराविक आकड्यात) मुरवून टाकला, झालं. चुनाही घनच, त्याचंही तसंच. म्हणून सूत्रात उरतो फक्त वायूचा दाब, साधारण 900 अंश सेल्सिअसला 1 ॲटमॉस्फिअरच्या आसपास, आणखी चुनखडी टाकली तरी तेवढाच. जास्त पृष्ठभाग मिळाला म्हणून वायू जोरात सुटेल असं वाटतं खरं, पण परत शोषलाही तितक्याच जोरात जातो ना. (खरी व्याख्या ॲक्टिव्हिटीची, म्हणजे पदार्थाच्या प्रभावी तीव्रतेची, शुद्ध घन किंवा द्रवाची ती 1 धरतात, एकाने गुणून काय फरक पडणार!)

मात्र सूत्रात नाही म्हणजे भांड्यात नसला तरी चालेल असं नव्हे हां, चुनखडी पूर्ण संपली तर समतोल कसला. आणि पाणी दिसलं की डोळे झाकून खोडू नका, विरल द्रावणात ते 55.5 मोल प्रतिलिटरच्या आसपासच राहतं म्हणून वगळतात, पण ॲसिटिक ॲसिड आणि इथेनॉल नुसतं एकत्र करून एस्टर बनवताना पाणी बाकीच्यांसारखंच एक घटक असतं, तिथं ते लिहावंच लागतं.