गडी आणताय ना, मग त्याच्या पोरांचंही बघा

दिवाळी झाली, आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळचे गडी यायला लागले. आणि आज पुन्हा तेच कानावर आलं. रत्नागिरीजवळ एका बागेत बायको-मुलीसह आलेल्या राखणदाराची आठ वर्षांची पोर शाळेच्या दारातून परत पाठवली. आधार नाही, मागच्या शाळेचा दाखला नाही. शाळेतल्या मुलांचा पट टिकावा म्हणून गावंच्या गावं रडतायत आणि चालत आलेली पोर तुम्ही माघारी धाडता?

2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. वयाचा पुरावा नाही किंवा वर्ष अर्धं सरलंय म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दाखला उशिरा आला तरीही नाही. आठ वर्षांची असेल तर वयाप्रमाणे तिसरीतच बसवायची, मराठी येत नाही म्हणून पहिलीत नाही.

मुख्याध्यापकांची अडचण खोटी नाही. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे, आधार जुळलेल्या मुलांवर ठरते, त्यामुळे असं मूल वर्गात असूनही मोजलं जात नाही. मान्य. पण त्याचा भुर्दंड त्या पोरीने का भरायचा? नेपाळी माणसाचं आधार निघतं, पण त्याआधी वर्षभरात 182 दिवस इथे राहिलेलं असावं लागतं. म्हणजे पहिल्या हंगामात ते हातात नसणारच.

म्हणून गड्याला एकट्याला पाठवू नका, बागायतदाराने सोबत जायचं. आईवडिलांनी जन्मतारीख लिहून दिलेला कागद, बागेचा पत्ता, आपला फोन नंबर आणि अर्ज. अर्जाची पोच घ्या. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा आणि तोच कागद केंद्रप्रमुखांकडे, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, न्या. लेखी मागितलं की बहुतेक ठिकाणी जागा सापडते.

पण शाळेला बोलताना आपल्या मांगराकडेही, गडी राहतो त्या बागेतल्या खोपीकडेही, बघा जरा. मोहोराच्या पाच-सहा फवारण्यांची औषधं त्याच खोलीत, त्याच फळीखाली पोरं झोपलेली. हे मला सहन होत नाही. औषधांना कुलपाची वेगळी पेटी करा, मांगराबाहेर. रिकामे कॅन लगेच भोकं पाडून निकामी करा, नाहीतर मार्च-एप्रिलला पाणी आटलं की त्याच कॅनमधून पिण्याचं पाणी येतं. कितीही धुतला तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं औषध जात नाही. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, आणि त्या दिवशी पोरं बागेत नकोत.

संडास विहिरीच्या खालच्या उताराला आणि जमेल तेवढा लांब. जांभा सच्छिद्र, त्यातून घाण सरळ विहिरीत झिरपते. रचून ठेवलेले चिरे आणि पाचोळा दारापासून हलवा, फुरसं, हा विषारी साप, तिथेच बसतं. जमिनीवर अंथरूण नको, खाट द्या. चावलंच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही. 108 ला फोन करून तडक प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. हे गड्याला हिंदीत नीट समजावा, रात्री बागेत त्याच्या मदतीला दुसरं कोणी नसतं.

थ्रिप्स किडीने मोहोर खाल्ला, औषधांचा खर्च वाढला, बागायतदारालाही परवडत नाही, हे सगळं खरं. तरी एक गोष्ट सोडवत नाही. बाई आंबा वेचते, निवडते, पेटी भरते, आणि "जोडीचा पगार" म्हणून सगळे पैसे नवऱ्याच्या हातात. तिची मजुरी वेगळी लिहा आणि तिच्याच हातात द्या.

सहा वर्षांखालची पोरं अंगणवाडीत घाला, आशाताईंना सांगून लसीचं कार्ड करून घ्या. चिरेखाणीवर कर्नाटकातून येणाऱ्यांना त्यांच्या रेशनकार्डावर इथल्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं, त्यांना हे सांगणारं कोणी नसतं. नेपाळ्यांना ती सोय नाही, म्हणून तांदूळ आपणच भरायचा.

ती पोर उद्या परत जाईल शाळेत, कोणीतरी सोबत गेलं तर. आणि गेली, तर एप्रिलमध्येच दाखल्याचा अर्ज द्या. शेवटची पेटी जाईपर्यंत मे संपतो, तेव्हा शाळेला सुट्टी असते, सही करायला कोणी नसतं, आणि पुढच्या गावात पुन्हा "दाखला कुठेय?" पासून सुरुवात.