रेडिएशन आणि इम्युनोथेरपी : ‘खोटी आशा’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की रेडिएशन एका जागेपुरतं असतं. फुप्फुसाचा कर्करोग अंगभर पसरला आणि इम्युनोथेरपीलाही (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध लढायला लावणाऱ्या औषधांनाही) दाद देईना, तर रेडिएशन देऊन काय साधणार? उलट किरणांनी लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, मरतात. थोडक्यात, मी रुग्णांना खोटी आशा दाखवतो आहे.

लिम्फोसाइटचं खरं आहे. छातीच्या मोठ्या भागावर, लसिका ग्रंथींसकट, आठवडेच्या आठवडे रेडिएशन दिलं की त्यांची संख्या घटते. एकाच गाठीवर नेमके दोन-तीन मोठे डोस दिले तर गणित बदलतं. मरणाऱ्या पेशींतून कर्करोगाची प्रथिनं बाहेर पडतात, ती टी-पेशींच्या (कर्करोगावर हल्ला करणाऱ्या लिम्फोसाइटच्या) नजरेस येतात आणि क्वचित किरण न लागलेल्या गाठीही आक्रसतात. १९५३ साली संशोधक मोल यांनी याला ‘अ‍ॅबस्कोपल’ परिणाम म्हटलं.

आता पुरावा. नेदरलँड्समधल्या पेम्ब्रो-आरटी चाचणीत ७६ रुग्ण होते. सुमारे निम्म्यांना नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध, उरलेल्यांना त्याआधी एका गाठीवर ८ ग्रेचे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) ३ डोस. १२ आठवड्यांनी प्रतिसाद, म्हणजे गाठी आक्रसलेल्या रुग्णांचं प्रमाण, नुसत्या औषधाने १८ टक्के, तर रेडिएशनसह ३६ टक्के. आकडा दुप्पट, पण चाचणी लहान. संख्याशास्त्राच्या निकषावर फरक सिद्ध झाला नाही. शिवाय या रुग्णांनी आधी इम्युनोथेरपी घेतलेलीच नव्हती. ज्यांच्यावर ती निष्प्रभ ठरली होती, त्यांच्यावरची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. दुर्वालुमॅब आणि ट्रेमेलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधांच्या जोडीला रेडिएशन देऊन काहीही जास्त हाती लागलं नाही, चाचणी मध्येच थांबवावी लागली. इथे तुमची शंका रास्त आहे. ‘एका गाठीवर किरण द्या, बाकीच्या आपोआप वितळतील’ असं अशा रुग्णाला कुणी सांगत असेल तर मलाही संताप येतो.

पण सगळ्या ‘दाद न देणाऱ्या’ रुग्णांना एका मापाने मोजू नका. कुणाच्या अंगभरच्या गाठी वाढतात, कुणाच्या बाकीच्या आटोक्यात असतात आणि एक-दोनच डोकं वर काढतात. दुसऱ्या प्रकारात वाढणाऱ्या तेवढ्या गाठींवर रेडिएशन देऊन चालू औषध पुढे नेता येतं. कर्ब चाचणीत अशा फुप्फुसाच्या रुग्णांमध्ये आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांमध्ये आजार वाढेपर्यंत गेलेला वेळ) अशा रेडिएशनमुळे २.२ महिन्यांवरून १० महिन्यांवर गेला. सगळेच इम्युनोथेरपीवर नव्हते, हे खरं. तरी एखाद्या कुटुंबासाठी ते महिने फार मोठे असतात, त्यांना मी खोटी आशा म्हणणार नाही.

मला खरी काळजी वाटते ती न्यूमोनायटिसची. फुप्फुसाला सूज या दोन्ही उपचारांनी येऊ शकते. कोरडा खोकला, जिना चढताना पूर्वी न लागणारा दम. सीटीवर पांढुरकी छाया दिसते आणि ती सूज, संसर्ग की वाढलेला कर्करोग, हे लगेच उमगत नाही. रेडिएशन संपून काही महिने झाल्यावरही हे होतं, म्हणून दम वाढला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावं. वेळेत स्टेरॉइड सुरू झालं तर बहुतेकदा सूज उतरते. उशीर झाला तर ती जीवावर बेतू शकते.