चुना पानाला लावा, जखमेला नको

‘मूळव्याध, फिशर तीन दिवसांत मुळासकट गायब, डॉक्टर हे कधी सांगणार नाहीत’ हा मेसेज घरच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. एरवी डिलीट केला असता. पण नुकत्याच बाळंत झालेल्या वहिनीने तो वाचून चुन्याची डबी मागवली.

उपाय काय, तर खायचा चुना लोण्यात घोटून जागेवर लावा, ‘जखम जळून आटते’. जळते हे खरंच! पानात जरा जास्त पडला तरी चुना जीभ भाजतो. फिशर म्हणजे गुदद्वाराच्या नाजूक त्वचेला पडलेली चीर, बहुधा पाठीकडच्या बाजूला. खडा झाला की ती पडते. कळ येते म्हणून आतला स्नायू आवळतो, तिथलं रक्त कमी होतं आणि चीर भरत नाही. भीतीने माणूस संडासला जाणं टाळतो, खडा आणखी कडक होतो. यात चुन्याने भाजून काय साधणार?

‘रक्त म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडते.’ अजिबात नाही. कापल्यासारखी कळ, मग तासन्‌तास आग आणि ताजं लाल रक्त असेल तर बहुधा फिशर. न दुखता रक्त पडलं तर बरेचदा मूळव्याध. पण रक्त काळपट किंवा शौचात मिसळलेलं असेल, वजन उतरत असेल, तर तपासून घ्या. ‘उष्णता’ म्हणत बसलात तर आतड्याचा कॅन्सर उशिरा कळेल.

दुधात लिंबू पिळून प्या म्हणे. दूध नासेल, बाकी काही नाही.

तिखट बंद करा, हे नाइलाजाने मान्य. मिरचीने चीर पडत नाही, असलेली झोंबते. कोमट पाण्यात बसा ही शेवटची ओळ मात्र खरी. ज्यांना फिशर पहिल्यांदाच झालं होतं, अशांचा अभ्यास १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तीन आठवड्यांत कोमट पाण्यात बसणं आणि कोंडा खाणं यांवर ८७ टक्के बरे झाले, बधिर करणाऱ्या लिग्नोकेन मलमावर ६० टक्के. म्हणजे डॉक्टर सांगत नाहीत म्हणता, ते त्यांनी छापून ठेवलंय. आमच्याकडे मात्र बाळंतिणीला पाणी बेताने आणि डिंकाचे लाडू भरपूर!

राहिलं ‘ऑपरेशनने शौचावरचा ताबा जातो’. सहा-आठ आठवड्यांत चीर भरली नाही तर आधी स्नायू सैल करणारं मलम देतात. ऑपरेशन सहसा त्यानंतर; त्यात तोच आतला स्नायू थोडा कापतात, आणि त्याने बहुतेक जण बरे होतात. काहींना वायू रोखता येत नाही, हे खरं. म्हणून बाळंतपणात खाली टाके पडले असतील तर ते सर्जनला आधी सांगायचं.